घरात ट्रेडमिल आणावी की सायकल?

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ४७. काम दिवसभर बसून. मागच्या महिन्यात रक्तदाब थोडा वाढलेला निघाला. डॉक्टरांनी अजून गोळी दिलेली नाही, पण आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चांगला घाम येईल असा व्यायाम करा म्हणाले. सकाळी बाहेर पडणं जमत नाही आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अंधार होतो, म्हणून घरीच एखादं मशीन घ्यायचं ठरतंय. ह्यांना ट्रेडमिल हवी आहे, चालण्यासारखा व्यायाम नाही म्हणतात. ह्यांचं वजन ९२ किलो आणि गुडघे अधूनमधून दुखतात. जाऊबाई म्हणतात एलिप्टिकल (उभं राहून पाय लंबगोल फिरवायचे आणि हातही हलवायचे ते मशीन) घ्या, सगळ्या अंगाला व्यायाम होतो. मला आपली सायकल बरी वाटते. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, त्याही वापरीन म्हणतात. दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला, आणि नणंदेचा चार वर्षांचा मुलगा दिवसभर आमच्याकडे असतो. पैसे बेताचेच आहेत, एकदा घालवले की पुन्हा घालता येणार नाहीत. जाहिरातींत '४ एचपी', '१२ प्रोग्राम' असं वाचून काहीच उमगत नाही. काय घेऊ?

— एक वाचक

उत्तर

सायकल घ्या. सरळ बसून चालवायची, साधी, मॅग्नेटिक रेझिस्टन्सची, म्हणजे चुंबकाने पेडल जड होणारी. चांगल्या बनावटीची वापरलेली मिळाली तर तीच घ्या. घरात चार मतं असताना नुसतं एवढं सांगून भागणार नाही, म्हणून आता कारणं सांगते. तुमच्या ह्यांनाही हे वाचायला द्या.

आधी डॉक्टरांच्या म्हणण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशीत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगितला आहे. तुमचे पाच अर्धे तास त्यात नेमके बसतात. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. व्यायाम करताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की तो मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं की तो जोराचा. हा दम चालून लागला, पेडल मारून लागला की जिना चढून, याने हृदयाला फारसा फरक पडत नाही. रक्तदाब वाढलेल्या माणसांत असा नियमित व्यायाम वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने खाली आणतो, आणि व्यायाम सुटला की काही आठवड्यांत तो फायदाही ओसरतो. म्हणून तुमच्या घरात कुठलं मशीन वर्षभर चालू राहील, हेच बघायला हवं.

आता पैशांचं. कुठल्याही मशीनपुढे उभं राहून मी पहिला प्रश्न हा विचारते: इथे जोर कोण लावणार आहे? ट्रेडमिलमध्ये मोटार लावते, सायकलीत तुम्ही लावता. स्वस्त ट्रेडमिल आणि स्वस्त सायकल यांच्यातला सगळा फरक या एका गोष्टीत आहे.

तुमच्या ह्यांचं पाऊल ट्रेडमिलवर पडतं तेव्हा ९२ किलोचा भार पट्ट्याला खालच्या फळीवर दाबतो. त्या घर्षणाविरुद्ध मोटारीला पट्टा ओढत राहायचा असतो, वेग न ढळू देता, मिनिटाला शंभर-सव्वाशे पावलांसाठी. हळू चाललं तर मोटारीला आराम मिळेल असं वाटतं, पण होतं उलटं. हळू वेगात प्रत्येक पाऊल पट्ट्यावर जास्त वेळ टेकून राहतं, मोटारीला कमी फेऱ्यांत जास्त जोर लावावा लागतो आणि तिला गार ठेवणारा पंखाही मंदच फिरत असतो. वजनदार माणूस आणि सावकाश चाल, म्हणजे नेमका तुमच्या घरातला वापर, स्वस्त मोटारीला सगळ्यात जड जातो.

'४ एचपी'चं कोडंही इथेच सुटतं. जाहिरातीत बहुतेक वेळा 'पीक' म्हणजे क्षणभर गाठता येणारी ताकद छापलेली असते. तुम्हाला हवी असते ती सलग टिकणारी, म्हणजे 'कंटिन्युअस' ताकद. पडताळा घरबसल्या करता येतो. एक एचपी, म्हणजे एक अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ७४६ वॅट, तेव्हा चार म्हणजे जवळपास ३,००० वॅट झाले. मशीनच्या मागच्या पट्टीवर १,१०० किंवा १,५०० वॅट लिहिलेलं असेल, तर ते मशीन सलग ४ एचपी देणं शक्यच नाही. नुसत्या चालण्यासाठी सलग दीड ते दोन एचपी पुरते. नियमित धावायचं तर अडीच-तीनच्या खाली जाऊ नये. पट्टाही मोजून बघा. स्वस्त मशीनवर तो जेमतेम ४० सेंटिमीटर रुंद आणि ११० सेंटिमीटर लांब असतो. त्यावर उंच माणूस पाऊल आखडून, खाली बघत चालतो आणि मान-पाठ धरून उतरतो. त्यात पट्ट्याखाली वेळोवेळी सिलिकॉन तेल घालावं लागतं. ते राहून गेलं की घर्षण वाढतं, मोटार जास्त वीज ओढते आणि शेवटी आतलं सर्किट जळतं.

पैशांपलीकडचीही कारणं आहेत. ट्रेडमिलच्या मागे दोन मीटर जागा मोकळी सोडायला सांगतात, कारण माणूस घसरला तर तो मागे फेकला जातो आणि मागे भिंत असेल तर भिंत आणि फिरता पट्टा यांच्यात अडकतो. दोन खोल्यांत ही जागा कुठून काढणार? पावलांचा दणका खालच्या घरात जातो. रबरी चटईने आवाज थोडा कमी होतो, हादरा मात्र पोचतोच. आणि तुमच्या घरात चार वर्षांचं मूल आहे. मागच्या रोलरपाशी पट्टा जिथे आत वळतो, तिथे लहान मुलांचे हात ओढले जातात आणि खोलवर भाजल्यासारख्या जखमा होतात. ट्रेडमिलची सुरक्षा-किल्ली (ती नसली की पट्टा चालू होत नाही) काढून उंचावर ठेवणारी घरं असतात, पण रोज, न चुकता, सगळ्यांनी ते करायला हवं. ज्या घरात मूल दिवसभर वावरतं तिथे मी ही जोखीम घेणार नाही. तुम्हीही घेऊ नका. पलंगाखाली सरकणाऱ्या वॉकिंग पॅडबद्दल, म्हणजे चपट्या छोट्या ट्रेडमिलबद्दलही हेच म्हणेन. शिवाय त्यांतल्या बऱ्याच पॅडना धरायला दांडाच नसतो, सासूबाईंनी त्यावर पाय ठेवूच नये.

तुमच्या ह्यांचा मुद्दा खोटा आहे असं मात्र नाही. चालताना हाडांवर शरीराचा भार येतो आणि तो भार हाडांना हवा असतो. सायकलीवर बसल्यावर तो मिळत नाही. तुमच्या वयाच्या बाईने, पाळी जाण्याच्या सुमारास, ही गोष्ट विसरून चालत नाही. पण त्यासाठी ट्रेडमिल लागत नाही, तुमच्याकडे तीन मजल्यांचा जिना आहे. न थांबता जिना चढणं हा जोराच्या व्यायामात मोडणारा प्रकार आहे. दिवसातून दोनदा तुम्ही तो पायी चढा. ह्यांनी चढावा, पण उतरताना कठडा धरून, सावकाश. गुडघ्याच्या वाटीवर चढण्यापेक्षा उतरताना जास्त ताण येतो.

आता सायकलीत काय बघायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण सायकलींतही फसण्यासारख्या पुष्कळ आहेत.

पेडल जड कशाने होतं ते आधी विचारा. जुन्या किंवा अगदी स्वस्त सायकलीत फिरत्या चाकावर नमद्याची किंवा रबराची पट्टी दाबली जाते. ती झिजते, तिची पूड पडते, चरचर आवाज येतो आणि दर काही महिन्यांनी जोर बदललेला वाटतो. मॅग्नेटिक प्रकारात चाकाला काहीच टेकत नाही. चुंबक जवळ आला की फिरत्या धातूच्या चाकात विजेचे भोवरे तयार होतात आणि तेच चाकाला मागे ओढतात. काही घासत नाही, म्हणून झीज नाही, आवाज जवळजवळ नाही. मूल झोपलेलं असताना आणि शेजारी टीव्ही चालू असताना हा फरक कळतो. जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर ते इथे घाला.

दुसरं, आतलं फिरतं चाक, म्हणजे फ्लायव्हील. ते फार हलकं असलं की पेडल वरच्या टोकाला अडखळतं आणि दर फेरीला गुडघ्याला हिसका बसतो. पाच ते आठ किलोचं चाक तुमच्या कामाला पुरे. त्याहून जड चाकाच्या स्पिन बाइक जाहिरातीत रुबाबदार दिसतात, पण त्यांतल्या बहुतेकींची पेडलं चाकाशी थेट जोडलेली असतात. तुम्ही पाय थांबवले तरी चाक पेडलं फिरवत राहतं. ज्याला सवय नाही त्याचा घोटा त्यात मुरगळतो. चाकही बरेचदा उघडं असतं, म्हणजे पुन्हा मुलाच्या बोटांची काळजी. तुम्ही चाक आणि ते फिरवणारा पट्टा पूर्ण झाकलेली सायकलच निवडा.

तिसरं म्हणजे सीट, आणि तुमच्या घरात हे सगळ्यात महत्त्वाचं. तीन वेगवेगळ्या उंचीची माणसं एकच सायकल चालवणार. सीटची उंची एका खटक्यात बदलता आली नाही तर कुणी ती बदलणार नाही, आणि मग चुकीच्या उंचीवर पेडल मारून गुडघे दुखायला लागतील. सीट फार खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, फार वर असली की मागच्या. माप सोपं आहे. बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. प्रत्येकाची खूण दांड्यावर रंगीत चिकटपट्टीने करून ठेवा. सीट पुढे-मागेही सरकत असेल तर उत्तम. ह्यांना पुढच्या बाजूने जास्त दुखत असेल तर सीट थोडी वर आणि मागे घेऊन बघा. त्यांनी पेडल जड ठेवून रेटत बसू नये, हलकं ठेवून मिनिटाला साठ ते ऐंशी फेऱ्या माराव्यात.

वजनाची मर्यादा ११० किलोच्या पुढची घ्या. छापील मर्यादेच्या काठावरचं मशीन डुलतं, आणि डुलणारं मशीन माणूस वापरत नाही. घडी होणाऱ्या, एक्स आकाराच्या सायकली जागा वाचवतात आणि हलक्या माणसाला चालतात, पण ह्यांच्या वजनाला बहुतेक हलतील.

सासूबाईंसाठी एकच गोष्ट बघा: मधला दांडा किती खाली आहे. त्यांना पाय फार उंच न उचलता पलीकडे टाकता आला पाहिजे. पाठीला टेका असलेली, खुर्चीसारखी रिकम्बंट सायकल त्यांना सगळ्यांत सोयीची झाली असती, पण ती लांब असते आणि महागही. साधी सायकल त्यांना चढायला जड गेली तर खुर्चीसमोर ठेवायचं छोटं पेडल-यंत्र आणा आणि ते भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर पुढे सरकतं. त्याने फारसा दम लागणार नाही, पण पाय मोकळे होतील. त्यांच्या वयात दमसासाइतकाच तोलाचा सराव गरजेचा असतो, आठवड्यातून तीन दिवस तरी. जड खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहणं, टाचेला टाच लावून चालणं, एवढ्यापासून सुरुवात करता येते. सुरुवातीला कुणीतरी शेजारी उभं राहा.

जाऊबाईंच्या एलिप्टिकलबद्दल. चांगली असेल तर तो खरंच उत्तम व्यायाम आहे, सांध्यांना दणका नाही आणि भार पायांवर येतो. पण बेताच्या पैशांत मिळणाऱ्या मशीनची पावलाची लांबी ३० सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे पाय धड पुढेही जात नाहीत आणि धड वरही. ४० ते ४५ सेंटिमीटरच्या पुढे गेलं की चाल मोकळी होते, पण तेव्हा किंमत आणि आकार दोन्ही तुमच्या घराबाहेर जातात. होडी वल्हवल्यासारखं चालवायचं रोइंग मशीन लांबलचक, बसायला खाली, आणि पाठ कशी ठेवायची हे कुणीतरी शिकवावं लागतं. पायाने दाबायच्या छोट्या स्टेपरमध्ये तेलाचे दट्टे असतात. ते पंधरा-वीस मिनिटांत तापून मऊ पडतात आणि व्यायाम निम्मा होतो. दोरीच्या उड्या सगळ्यांत स्वस्त, पण ह्यांच्या गुडघ्यांना आणि खालच्या शेजाऱ्यांना नकोत.

'१२ प्रोग्राम' (मशीनमध्ये आधीच भरलेले व्यायामाचे क्रम) आणि मोठ्या पडद्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. वेळ, वेग आणि फेऱ्या दिसल्या की झालं. कॅलरीचा आकडा तर मनावर घेऊच नका. मशीनला चाकाच्या फेऱ्या कळतात. तुमचं वजन, वय, स्नायू यांतलं फार थोडं त्याला ठाऊक असतं, बरेचदा काहीच नसतं. हँडलवरच्या नाडी-पट्ट्याही हात हलला की भलतेच आकडे दाखवतात. मनगटावर किंवा मानेला बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा आणि चारने गुणा. २२० मधून वय वजा करायच्या ढोबळ हिशेबाने तुमची कमाल गती १७३ येते. मध्यम व्यायामात नाडी साधारण ११० ते १३० असावी. हा हिशेब माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतो, म्हणून मघाची बोलण्या-गाण्याची खूण जास्त भरवशाची. पुढे कधी रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी सुरू झाली, तर ती नाडीच संथ ठेवते. मग आकड्यांकडे न बघता फक्त दम बघायचा.

वापरलेली सायकल बघायला जाताना ह्यांना बरोबर न्या. वजन त्यांचं आहे, परीक्षाही त्यांनीच घ्यावी. दहा मिनिटं चालवायला सांगा, त्यातली दोन सगळ्यांत जड जोरावर. त्या जोरावर एकदम पाय दाबला आणि पेडल निसटल्यासारखं झालं, तर आतला पट्टा सैल आहे किंवा झिजला आहे. दर फेरीला ठराविक जागी टक आवाज आला तर पेडल किंवा त्याचा दांडा ढिला. पेडलचा ढिलेपणा परवडतो, दांडा जिथे बसतो तिथली झीज परवडत नाही. हँडलखाली, जिथे घाम ठिबकतो, तिथे गंज आहे का ते बोट फिरवून बघा. सीटचा खटका तीन-चार उंचीवर अडकवून बघा. एवढं सगळं ठीक असेल तर दोन-तीन वर्षं जुनी, दणकट सायकल ही नव्या कचकड्याच्या सायकलीपेक्षा केव्हाही बरी.

आणि पैसे मोजण्याआधी तीन आठवडे थांबा, एवढं माझं ऐका. ज्या वेळी सायकल चालवणार म्हणताय, त्याच वेळी, जिथे ती ठेवणार तिथेच उभं राहून वीस मिनिटं जागच्या जागी चाला. गुडघे वर उचलत, हात हलवत. मध्ये दोनदा जिना चढून या. ती वेळ तुम्हाला घरात मिळते का, कोण हाक मारतं, कुठल्या दिवशी बुडतं, हे सगळं कळेल. वेळ बदलावी लागली तर ती आताच बदला. या तीन आठवड्यांत छातीत दुखलं, दाबल्यासारखं झालं, चक्कर आली किंवा दम वाजवीपेक्षा जास्त लागला, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

सायकल आली की ती कोपऱ्यात ढकलू नका. येता-जाता दिसेल, बसायला काही हलवावं लागणार नाही अशी ठेवा. गॅलरीत नको, पावसाने गंजेल. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं बास, तीही हलक्या जोरावर. सीटमुळे बूड दुखेल. ते आठ-पंधरा दिवसांत कमी होतं, तोवर जाड गादीचं कव्हर घाला. दुसऱ्या आठवड्यापासून पाच-पाच मिनिटं वाढवत जा. महिनाभरात सलग अर्धा तास जमायला लागेल. मगच जोर वाढवा, एका वेळी एक पायरी. आठवड्यातले दोन दिवस भिंतीला हात टेकून दंड आणि खुर्चीवरून उठाबशा घाला, स्नायूंचा तेवढा व्यायामही हवाच. रक्तदाब दर आठवड्याला एकाच वेळी, व्यायामाआधी, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि आकडे पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.

जोडणी करताना एक गोष्ट सांभाळा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळतं. नेहमीसारखं जोर लावून फिरवलं तर आटे खराब होतात आणि दांडाच बदलावा लागतो. आधी बोटांनी दोन-तीन फेरे सरळ बसवा, मग पान्याने आवळा, आणि पहिल्या आठवड्यानंतर दोन्ही पेडलं पुन्हा एकदा आवळून घ्या.